खांबांचा कौल

सोमवारी उपास धरून दिवेलागणीपर्यंत शर्मिष्ठाकाकी बोलत नसे. लग्न होऊन या गावात आल्यापासूनचं तिचं ते व्रत. पण त्या सकाळी फुलं घेऊन ती रवळनाथाच्या देवळात आली, तर सभामंडपातल्या जुन्या कोरीव लाकडी खांबावर एक कटरवाला खडूने खूण करत होता.

व्रत तिथेच मोडलं.

"ह्या कोणी सांगला?"

"देवान," देवस्थान कमिटीचा सत्यवान हसत म्हणाला. "काल कौल घेतलो. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचो होकार. आता खांब काढून स्लॅब!"

काकीच्या अंगाचा भडका उडाला. जुन्या देवळांच्या डागडुजीचं काम करणारी गौरजा म्हणाली होती, वाळवी लागली तरी हे खांब वाचतील, फक्त गाव पाठीशी हवं. तेव्हापासून बायका पाळीपाळीने खांब पुसत होत्या, औषध लावत होत्या. बाप्यांच्या बैठकीत त्यांना कुणी बोलावलंसुद्धा नव्हतं.

ती गुरवाकडे वळली. "गुरुप्रसाद, माझ्याकडे बघ. देवाक काय विचारलंस?"

"'देवा, तुजा देऊळ बरा करू काय?'" गुरुप्रसाद खाली मान घालून पुटपुटला. "सत्यवानान इतक्याच सांगलला."

"मग देव नाय कित्याक म्हणतलो रे? खांब पाडू काय, ता विचार. आत्ता!"

"काकी, उपासाचा पित्त चढला काय?" सत्यवान म्हणाला. "देवाक दोनदा विचारूचा नसता."

"आणि फसवून विचारूचा असता?"

एव्हाना बायका जमल्या होत्या. गुरुप्रसादने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: उजवी पडली तर खांब पाडू, डावी पडली तर राखू.

पाकळ्या हलल्याच नाहीत. नैवेद्याची वेळ झाली, तरी एकही पडेना.

"काढ त्यो. परत लाव," सत्यवान वैतागला.

"हात लावून बघ!" काकीचा आवाज गाभाऱ्यात घुमला. "कौल मिळाल्याबिगर आपण देवळातलो दगड हलवणव नाय. आता खांब पाडतलंस?"

कटरवाल्याने बायकांकडे पाहिलं आणि मुकाट मशीन टेम्पोत टाकलं.

"सुकल्यार पाकळ्यो पडतल्योच मगे," सत्यवान दात खात म्हणाला.

"पडांदेत. पण पुढची बैठक हयच, आमच्यासमोर. आणि देवाक काय विचारूचा, ता आमी ठरवतलंव. तवसर खांबाक कोण हात लावता, ता मी बघतंय."