पुलाची कडी आतून

बाबा नव्या पुलातून ताठ मानेने आत गेले आणि बाहेर आले ते आडवे. पूल उत्तम झाला. बाबा गेले.

आता हे काही झालंच नाही असं समजा. हा माझा कोडगेपणा नाही, आमच्या रेल्वेचा नियम आहे. खेळण्यातली गाडी (बाबांसमोर 'खेळण्यातली' म्हणायचं नाही, 'छोटी' म्हणायचं) रुळावरून घसरली, की बाबा तो डबा दोन बोटांनी उचलायचे, रुळावर ठेवायचे, चाकं नीट बसलीत का बघायचे आणि जाहीर करायचे, "अपघाताची नोंद नाही." त्यामुळे इतक्या वर्षांत आमच्या रेल्वेत एकही अपघात झालेला नाही. एकदा मांजराने अख्खी मालगाडी खाली पाडली. तेव्हाही काही झालं नव्हतं.

तर बाबा आहेत, आणि दारात उभे आहेत.

दारात, कारण आत जाता येत नाही. मागच्या खोलीत चारही भिंतींना लागून छातीच्या उंचीवर फळ्या, फळ्यांवर रूळ, आणि फेरी पूर्ण व्हायला हवी म्हणून एक फळी सरळ दारासमोरून गेलेली. आत जायचं तर तिच्या खालून रांगत. बाबा बरीच वर्षं रांगले. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाकणं बंद, खाली बसणं बंद." तेव्हापासून बाबा फळीच्या बाहेर उभं राहून गाडी चालवायचे, आमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखे. मुख्य स्टेशन नेमकं दाराच्याच भिंतीवर, आतल्या बाजूला. ते त्यांना दिसायचंच नाही. गाडी स्टेशनात थांबली की पडली, हे आवाजावरून ओळखायचं.

"कापून टाका की तेवढी फळी," आई म्हणाली.

"मेन लाइन आहे ती!"

"मग मेन लाइनलाच सांगा, रात्री गुडघे शेकून दे म्हणावं."

म्हणून मी आणि ताईने ती फळी हलती करायला घेतली. ताई दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवते, त्यामुळे बारीक काम तिचं. मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर तक्रारी ऐकतो, त्यामुळे ऐकून घ्यायचं काम माझं.

पहिल्यांदा फळी अख्खी उचलून काढता येईल अशी केली. झकास झाली. पण काढली की ठेवायची कुठे? आईने ती फ्रिजवर ठेवली आणि तिच्यावर धुतलेल्या बरण्या पालथ्या घातल्या. बाबा दोन दिवस जेवताना फक्त वर बघत होते. मग बिजागऱ्या लावून फळी खाली पडेल अशी केली. ती पडली, बाबांच्या गुडघ्यावर.

"ज्याच्यासाठी केलं त्यालाच लागलं," ताई म्हणाली आणि बिजागऱ्या काढायला बसली.

शेवटी वर उघडणारी, उचलत्या पुलासारखी. एका टोकाला बिजागऱ्या, दुसरं टोक धरून उचलायचं, की वाट मोकळी. पण उचलताना रुळांची टोकं एकमेकांत घुसली आणि वाकली. ताईने स्वतःचा जबडा उघडून मिटून बघितला. पुन्हा उघडला. मला वाटलं जांभई देतेय.

"बिजागरी रुळांच्या वर हवी," ती म्हणाली. "जबडा कुठून उघडतो बघ. कानाजवळून. दातांच्या वर आहे ना तो सांधा? दातांच्या पातळीत असता तर तुला घास तरी चावता आला असता का?"

मी माझा जबडा तपासला. आई दारात येऊन दोघांच्या उघड्या तोंडांकडे बघून परत गेली.

मग लाकडाचे दोन ठोकळे लावून त्यांच्यावर बिजागऱ्या चढवल्या. बाबांनी ठोकळ्यांना खिडक्या रंगवल्या, ती झाली सिग्नलची केबिनं. एक बटण असं बसवलं, की पूल उचलला की अलीकडच्या रुळातली वीज बंद. गाडी काठावर थांबणार, उडी मारणार नाही.

"आणि कडी?" ताईने विचारलं.

"आतून," बाबा म्हणाले. "पूल कधी उघडायचा ते स्टेशन मास्तर ठरवणार. स्टेशन मास्तर आत. बाहेरच्यांना रेल्वेतलं काय कळतंय?"

ताईने आतून कडी बसवली. मी स्क्रू दिले. आमच्या प्रत्येक लिफ्टला बाहेरून उघडायची किल्ली असते, हे मी दिवसभर अडकलेल्या लोकांना सांगत असतो. पण ते ऑफिसच्या वेळेत.

बाबा आत गेले. कडी घातली. वळून स्टेशन बघितलं आणि म्हणाले, "किती ही धूळ." मग रुमालाने फलाट पुसायला घेतला.

दाराशी एक इंटरकॉम टांगला होता, आत एक. आई हातभर अंतरावर चहा घेऊन उभी असली, तरी बोलणं इंटरकॉमवरच.

"अहो, चहा."

"कोण बोलतंय?"

"तुमचं नशीब बोलतंय. पूल उघडा."

"मालगाडी येतेय."

"गार होईल."

"तशी रीतसर विनंती करा."

आई करायची. 'स्टेशन मास्तरांना विनंती की'पासून 'परवानगी मिळावी'पर्यंत, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता. मग पूल उघडायचा.

एका दुपारी ऑफिसात फोन वाजला.

"नमस्कार, तक्रार विभाग. आपण लिफ्टमध्ये अडकला आहात का?"

"अरे, मी आहे. बाबा आत खाली बसलेत."

"बसू दे की."

"त्यांना बसणं बंद आहे ना?" आई म्हणाली. "मी विनंती केली. उत्तर देत नाहीयेत."

"शांत राहा. आमचा माणूस निघालेला आहे," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या टेबलावर छापून चिकटवलेलं आहे, ते आपोआप बाहेर पडतं. माणूस म्हणजे मीच होतो.

मी पोचेपर्यंत रुग्णवाहिकेतले दोघं पुलाखालून रांगत आत गेले होते. गाडी त्यांच्या डोक्यावरून फेऱ्या मारत होती. त्यांनी कडी काढली, पूल उचलला, बाबांना बाहेर आणलं. हॉस्पिटलमध्ये जे सांगायचं ते सांगितलं गेलं. मग मी ताईला फोन केला, आणि सगळं सांगून झाल्यावर बटण चालल्याचंही सांगितलं.

"झटक्यात थांबली की हळू?" तिने विचारलं.

"हळू."

"बरं."

तेव्हापासून पूल वरच आहे. आई अधूनमधून आत जाते, ताठ, स्टेशनवरची धूळ पुसते, बाहेर येते. पूल खाली करायचा तर कडी घालावी लागेल, कडी आतून आहे, आणि आत असेल तो स्टेशन मास्तर.

"तू जा," ताई म्हणते.

"तू मोठी आहेस," मी म्हणतो.

मग आम्ही चहा पितो. गाडी काठावर उभी आहे. खिडक्यांतले प्रवासी ताईने रंगवलेले, त्यामुळे सगळे दात दाखवून हसतायत.

काल मी दाराशी जाऊन इंटरकॉम उचलला. आतला समोरच लटकत होता, हात लांब केला असता तर तोही मीच उचलू शकलो असतो.

"स्टेशन मास्तरांना विनंती की," मी म्हणालो, "प्रवासी गाडी पुलाच्या अलीकडे खोळंबलेली आहे. तरी झाल्या प्रकाराची अपघात म्हणून नोंद न घेता, स्टेशन मास्तरांना दोन बोटांनी उचलून, चाकं नीट बसल्याची खात्री करून, पूर्ववत रुळावर ठेवण्यास परवानगी मिळावी."