पहिल्या गोळ्यातली काडी

मित्रांनो, हसणार नसाल तर नाव सांगते. मी एक जुने गिरमिट आहे. हो, तेच. वर्गात कुणी प्रश्न विचारून विचारून डोके खाऊ लागले की तुम्ही म्हणता ना, "गिरमिट लावू नकोस"? ते माझ्या जातीवरूनच आले आहे. मला त्याचा राग नाही, उलट अभिमान आहे. का, ते पुढे कळेलच.

सुताराचे गिरमिट लाकडाला भोक पाडते, मी जमिनीला पाडते. माझी उंची माणसाच्या छातीएवढी. वर आडवी लाकडी मूठ, मध्ये लोखंडी दांडा आणि खाली मुरडलेले पाते. मला घडवणारा फिटर काम करताना चकार शब्द बोलत नसे. पण माझे पाते घासून झाल्यावर त्याने ते उजेडात फिरवून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाला, "जमलं बुवा." माझे पहिले कौतुक ते.

तिथून मी एका कॉलेजात आले. विभागाच्या दारावर पाटी होती, 'नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन'. नाव लांबलचक, पण अर्थ सोपा. जमीन, पाणी आणि झाडे जपून कशी वापरायची, ते इथे शिकवत. तेही बाहेर, उघड्यावर. कुणी झाडाच्या बुंध्याला टेप गुंडाळी, कुणी ओढ्याचे पाणी बाटलीत भरी. मातीचे खाते माझ्याकडे. मुले मला गरगर फिरवत जमिनीत उतरवत, वर ओढत आणि पात्यात अडकलेला गोळा पत्र्याच्या पन्हळीत ठेवत. मग पुन्हा त्याच भोकात, आणखी खोल. गोळे ओळीने लागले की जमिनीच्या पोटात काय दडले आहे, ते उघड्यावर दिसे. विभागाच्या मॅडमचा नियम कडक होता. "पहिला गोळा डावीकडे, पुढचे त्याच्या उजवीकडे. विसरलात तर जमीन उलटी कराल."

एका वर्षी एक मुलगी आली. ओढ्याचे पाणी इथे गढूळ का, तिथे नितळ का, मुंग्यांनी वारूळ इथेच का केले? पहिल्याच आठवड्यात वर्गाने तिचे नाव पाडले, गिरमिट. त्यात ती डावखुरी. मला सवय उजव्या हातांची, त्यामुळे सुरुवातीला आम्हा दोघांचीही चांगलीच दमछाक झाली. पण मग अशी गट्टी जमली की विचारू नका. काम संपले की बाकीचे डबे उघडायला पळत. ती मात्र आधी माझे पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवी, आणि पुसता पुसता मला घरच्या गोष्टी सांगे.

तिचे बाबा जेसीबी चालवत. विभागाचे नाव त्यांच्या जिभेवर वळत नसे. कुणी विचारले की छाती फुगवून म्हणत, "पोरगी माती, पाणी आणि झाडांचं मोठं शिक्षण घेतेय." त्यावर तिची आत्या हमखास म्हणे, "माती चिवडायला कॉलेज कशाला? घरचं अंगण आहे की." सगळे हसत. गिरमिटही हसे. पण हे मला सांगताना तिचा फडका जरा जोरात फिरे, आणि ते तिला लागले आहे हे मला कळे.

तिच्या शेवटच्या वर्षी आवारात तळे खोदायचे ठरले. उन्हाळ्यात विहीर तळ गाठी आणि विभागाची रोपवाटिका माना टाकी. हे तळेही फसले तर रोपवाटिका बंदच होणार होती. जागा शोधायचे काम गिरमिटच्या गटाकडे आले. जागा दोन होत्या, एक भिंतीजवळची आणि दुसरी रोपवाटिकेमागच्या खोलगटातली. तळ्याच्या तळाशी चिकणमाती हवी, म्हणजे पाणी थांबते. तळाशी मुरूम लागला तर चाळणीत पाणी ओतल्यासारखे.

भिंतीजवळ मला वर चिकणमाती लागली आणि खाली मुरूम. त्या मुरमात माझ्या पात्याचा एक टवकाच उडाला. खोलगटात उलटे होते. वर वाळूसर माती आणि खाली छान चिकण. मला सगळे कळत होते, मित्रांनो, पण मला तोंड कुठे आहे?

एरवी गिरमिट नियम लक्षात ठेवी. त्या दिवशी मात्र खोदाईला बाबांचाच जेसीबी येणार, हे तिला नुकतेच कळले होते. ती हवेत होती. डावा हात त्याच्या सवयीने चालला. पहिला गोळा उजवीकडे गेला आणि पुढचे डावीकडे. टिपून घेणारा तिचा जोडीदार, ज्याला सगळे कारकून म्हणत, तो नियमाप्रमाणे डावीकडून वाचत गेला. कारकुनाचे अक्षर मोत्यासारखे. त्या मोत्यांत दोन्ही जमिनी उलट्या झाल्या आणि भिंतीजवळची जागा पक्की ठरली. मॅडमनी गटाची पाठ थोपटली.

खोदाईच्या सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जेसीबीवर बसले. लेकीने दाखवलेल्या जागी आपण खोदणार, हे त्यांनी वाटेत भेटेल त्याला सांगितले होते. आत्याही आली होती. गिरमिट तिला भिंतीजवळच्या गोळ्यांची जपून ठेवलेली पन्हळ दाखवत होती. "हा डावीकडचा गोळा वरचा, आणि हा उजवीकडचा सगळ्यात खो..."

ती अडखळली. सगळ्यात खोल म्हणवणाऱ्या त्या वाळलेल्या गोळ्यातून गवताची मुळे केसांसारखी बाहेर आली होती. गवत जमिनीवर उगवते, तळाशी नाही.

इंजिन सुरू होते. तिला गप्प राहता आले असते. तळे आटले असते तेव्हा दोष उन्हाला देता आला असता. तिने एकदा आत्याकडे पाहिले, मला उचलले आणि थेट जेसीबीपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, थांबा. जागा चुकलीय. मी गोळे उलटे लावले."

"आणि मी ते तसेच वाचले," कारकून पुटपुटला.

मागून कुणीतरी म्हणाले, "झालं, लावलं गिरमिट." हशा पिकला. बाबा हसले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरले आणि विचारले, "मग बरोबर जागा कुठली?"

"खोलगट. पण आधी परत बघते, सगळ्यांसमोर."

त्या दिवशी मी जसे फिरले तसे कधीच फिरले नव्हते. पहिला गोळा वर येताच तिने गवताची एक काडी खुडली आणि त्यात खोचली. "आता हात डावा असो की उजवा, वरचा गोळा कुठला ते चुकणार नाही." खालचा गोळा तिने बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्याने दाबत दाबत लांबवला. मातीची पट्टी बोटावरून लोंबत राहिली, तुटेना. ती त्यांनी आत्याच्या हातावर ठेवली.

"काय चिवट आहे गं," आत्या बोट पुसत म्हणाली. "सोड म्हटलं तरी सोडत नाही."

"आमच्या पोरीसारखीच," बाबा म्हणाले आणि जेसीबी खोलगटाकडे वळवला.

तळे भरले. पुढचा उन्हाळा रोपांनी हिरव्या पानांनिशी काढला. आत्या आल्यागेल्याला ते तळे दाखवायला आणू लागली. माझ्या पात्याचा टवका तसाच आहे, आणि तो मी मिरवते.

नंतर विभागात मोटारीवर चालणारे नवे यंत्र आले आणि मी झाडूंमागे कोपऱ्यात गेले. गंज चढला. कुणी मला दाराला टेकण म्हणून लावले, कुणी माझ्यावर ओले कपडे वाळत घातले. तेव्हा फार वाईट वाटे.

एके दिवशी कुणीतरी मला उचलले. हात डावा होता. आता तीच विभागाची मॅडम आहे. गंज उतरला, तेलाचा हात फिरला आणि मी पुन्हा जमिनीत उतरले. नवी मुले पहिल्या गोळ्यात न विसरता काडी खोचतात. परवा एकीने विचारले, "मॅडम, ही काडीची युक्ती कुणाची?" शेजारचा तिला ढोसत म्हणाला, "ए, गिरमिट नको लावू."

"एका गिरमिटाचीच," मॅडम म्हणाली आणि मला त्या विचारणारीच्या हातात दिले. कुठल्या गिरमिटाची, ते तिने सांगितले नाही. निम्मा मान मी घेऊन टाकला.

तर मित्रांनो, काम झाले की अवजार पुसून ठेवा. त्याला तेलाचा एक थेंब पुरतो. आणि तुमच्या वर्गात कुणी गिरमिट लावले, तर त्याला थोडे फिरू द्या. खाली काय आहे, ते त्याशिवाय कळत नाही.