टॉवेलची दांडी नव्हे

मी एक जुनी पोलादी दांडी आहे. बाथरूमच्या भिंतीत स्क्रूंनी पक्की बसवलेली. पाहुणे मला टॉवेल वाळत घालायची दांडी समजतात. पुढेपुढे घरच्यांचाही तसाच समज झाला, म्हणून ही हकिकत.

मित्रांनो, ज्यांच्या आधारासाठी मला आणले त्या बाई शाळेत भूगोल शिकवतात. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदूचा निरोप नेणाऱ्या नसांवरचे आवरण झिजते आणि पायांना हुकूम उशिरा, कधी अर्धवट पोहोचतो. सकाळी नीट चालणाऱ्या बाई दुपारी भिंत धरतात. ‘दिसतात तर ठणठणीत’ असे म्हणणारे विद्वान मी दाराआडून पुष्कळ ऐकले. त्यांच्या निदानाला रोग्याची गरजच नसते.

एकदा बाईंच्या यजमानांनी ओला टॉवेल माझ्यावर टाकला. तोल सावरायला बाईंनी हात घातला तो टॉवेलवर. टॉवेल सरकला, बाई पडल्या. खरचटण्यावर निभावले. शिक्षा मात्र त्यांनाच झाली: यापुढे कडी लावायची नाही आणि आंघोळीच्या वेळी थोरल्या नणंदबाई आत बसणार.

“वन्सं, एवढं एकच दार माझ्या हातात उरलंय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बाहेर बसा. हाक मारली तर या.”

“येऊ कशी? भिंतीतून?”

“बाहेरूनही उघडेल अशी कडी मिळते.”

“म्हणजे सगळं ठरवूनच बसलीयेस.”

नवी कडी बसली. नणंदबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. आत बाईंचा पाय अचानक ताठरला. त्यांनी मला घट्ट धरले. त्यांचा सारा भार माझ्यावर आला.

“गप्प का झालीस गं?”

“डोळ्यात साबण गेलाय.”

बाहेर खुर्ची सरकली. नणंदबाई उठल्या होत्या, हे मला कळले. पण कडीला हात लागला नाही.

“जाऊ दे. सावकाश धू. मी आहे.”

पाय सैलावेपर्यंत मी बाईंना धरून ठेवले. पोलाद आहे मी, त्यात माझे कौतुक कसले? न उघडलेल्या त्या दाराची मात्र मी आजही ऋणी आहे.

पुढे एका दुपारी नणंदबाई स्वतःच आत आल्या, कडी लावली, आंघोळ उरकली आणि कुरकुरणारे गुडघे सांभाळत, मला धरून पाटावरून उठल्या. “हिला सांगायचं नाही हं,” त्या मला म्हणाल्या.

मित्रांनो, मदत करायला धावण्याआधी विचारा. आणि आमच्यासारख्या दांड्या मोकळ्या ठेवा. कुणाचा हात केव्हा येईल, हे त्या हातालाही आधी ठाऊक नसते.