रिकामी परत न गेलेली कढई

मित्रांनो, लीड्समधल्या एका घराच्या जिन्याखाली, छत्र्यांच्या शेजारी, एक मोठी जुनी तांब्याची कढई दिसते ना, ती मीच. वयाने या घरातल्या सगळ्यांची पणजी शोभेन, पण विचारतंय कोण!

माझा जन्म फ्रान्समधल्या नदीकाठच्या एका चिमुकल्या शेतकरी गावात झाला. तांबटाने ठोकून ठोकून मला घडवलं. अख्ख्या गावात जॅमची एवढी मोठी कढई मी एकटीच. प्लम पिकले की मी घरोघर फिरायची. काय तो माझा तोरा! मला परत करताना आत जॅमची बरणी ठेवायची, अशी तिथली रीत होती. आणि मला परत मागायचं नाही, हीसुद्धा रीतच. मी आपली आपणहून परत यायची. पुढे तरुण मंडळी शहरात गेली, चुली थंडावल्या. शेवटी जॅम करणारी एकटी ओदेत आजी उरली आणि मी तिच्याच घरी राहिले.

लीड्सचे डॉक्टर पद्माकर आणि त्यांच्या पत्नी सुप्रभाताई दर उन्हाळ्यात ओदेतच्या शेजारचं घर भाड्याने घ्यायचे. गेल्या वर्षी तिने मोठ्या हौसेने मला सुप्रभाताईंच्या हाती दिलं. "तुमच्या अंगणातलं झाड आधी पिकतं. आधी तुम्ही करा, मग मी."

दुसऱ्याच दिवशी नॉटिंगहॅमहून फोन आला. त्यांच्या मुलाला, नीलला, अपघात झाला होता. धावपळ उडाली.

"अगं, कढई तिच्या फाटकाशी ठेव आणि चल," डॉक्टर म्हणाले.

"अहो, रिकामी? आपल्यात तरी रिकामं भांडं कोणी परत देतं का? घरी नेते, जॅम करते, पुढच्या वेळी भरून आणते."

अगं बाई, मला इथेच ठेव, असं मी किती ओरडले! पण कढईचं ऐकतो कोण? गाडीच्या डिकीत पडून मी समुद्र ओलांडला.

नील बरा झाला. सुप्रभाताईंनी लीड्समध्ये मन लावून जॅम केला, बरणी भरून माझ्या पोटात ठेवली. त्या रोज मला पुसायच्या. या उन्हाळ्यात निघण्याआधी त्यांनी तिथल्या घरमालकांना फोन केला आणि फोन ठेवून त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"काय झालं गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ओदेत हिवाळ्यात गेली हो. गेल्या उन्हाळ्यात तिचे प्लम पिकले आणि कढई आपल्याकडे! रोज आपल्या तिथल्या फाटकाशी येऊन उभी राहायची म्हणे. मागायचं कसं, म्हणून आपल्याला कळवू दिलं नाही. सगळी फळं झाडाखाली कुजली. तिला वाटलं, आपण तिला विसरलो."

"आता तिथे जॅम कोण करतं?"

"कोणी नाही. झाडंसुद्धा तोडली."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सुप्रभाताई मला कवटाळून रडल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी पुसलं नाही. मी आता हिरवी पडत चालले आहे. बरणी अजून आतच आहे, तिचं झाकण कोणी उघडत नाही.

मित्रांनो, सुप्रभाताईंना बोल लावू नका, माणूस लाखात एक आहे. पण माझं एवढं ऐका. शेजाऱ्याचं भांडं रिकामं तर रिकामं, वेळेवर परत द्या. तो फाटकाशी उभा असतो.