रसकापुराचं पाणी

गाईसुद्धा ज्यांना तोंड लावत नाहीत, त्या लव्हाळ्यांवर कालिंदी मोघे यांनी उभा जन्म काढला. हसा, खुशाल हसा, सरकारी वनस्पती सर्वेक्षणाच्या त्यांच्या ऑफिसातलेही हसायचे. पण पूर्व भारतातल्या ओढ्या-दलदलींतली दोनशेच्या वर लव्हाळी त्यांनी भिंगाखाली वेगळी केली, त्यांतल्या एकोणीस जातींना जगात पहिल्यांदा नाव दिलं. तेही 'बाईमाणसाला चिखलात कोण पाठवतो' असं वरिष्ठ म्हणत असताना. नुसती बीवरची जाळीदार नक्षी बघून त्या जात सांगत. नजर म्हणजे नजर!

त्या नजरेला सख्ख्या बहिणीचे हात मात्र दिसले नाहीत.

सरोज धाकटी, विधवा. कलकत्त्यात बालीगंजच्या दोन खोल्यांत ताईपाशीच राहायची. १९७० साल. नक्षलवाद्यांमुळे शहरात रोज बॉम्ब, रोज बंद. नदीपलीकडच्या ऑफिसात महिन्यातून दहा दिवसही जाता येईना आणि लव्हाळ्यांवरचं पुस्तक तर अर्ध्यावर आलेलं. तेव्हा ताईंनी वाळवलेल्या नमुन्यांचे गठ्ठे गुपचूप घरी आणले. नियमात बसत नव्हतं. कळलं असतं तर नोकरीच गेली असती.

नमुन्याला कीड लागू नये म्हणून कागदावरच्या प्रत्येक वाळल्या रोपाला रसकापूर लावतात. रसकापूर म्हणजे पाऱ्याचं जालीम विष, स्पिरिटात विरघळवलेलं. घरात दोघी त्याला नुसतं पाणीच म्हणत. ऑफिसात ते काम करणारा माणूस रबरी हातमोजे घाले. घरी ते काम सरोजकडे आलं. सरोजचे मोजे दुसऱ्या महिन्यात फाटले. "आणते गं उद्या," ताई म्हणाल्या आणि विसरल्या. वाऱ्याने कागद उडतात म्हणून खिडक्या लावून घेऊन सरोज उघड्या हातांनी ब्रश फिरवत राहिली. दीड वर्ष!

हिरड्या सुजल्या. दात हलायला लागले. हातात कपबशी खडखडा वाजायची. एवढी गरीब स्वभावाची सरोज, पण भाजीवाल्यावर खेकसायची आणि घरी येऊन रडत बसायची. "चाळिशी आली की होतं असं," ताई भिंगावरचा डोळा न काढता म्हणाल्या. लघवी कमी झाली, तोंड सुजलं, तेव्हा कुठे इस्पितळ गाठलं.

तिथले डॉक्टर लाहिडी तरुण, भला माणूस. त्यांनी ताईंना विचारलं, "घरी दिवसभर काय करतात या?"

त्या क्षणी ताईंना सगळं कळलं. एकेक लक्षण लावून जात ओळखायची हेच तर तीस वर्षं केलं होतं. हिरड्या, कंप, चिडचीड, मूत्रपिंडं. उत्तर लख्ख समोर उभं राहिलं. आणि त्याच्या पाठोपाठ उभी राहिली चौकशी, जप्त झालेले गठ्ठे, अर्धवट पुस्तक.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "घरातच असते."

घरी येऊन त्या रडल्या. हो, रडल्या, दगड नव्हत्या. आठवडाभरात काम उरकते नि सांगते, असं मनाला बजावून पदर खोचून बसल्या. आठवड्याचे सोळा दिवस झाले. रोज संध्याकाळी इस्पितळात जायच्या. सरोज विचारायची, "ताई, कागदांना पाणी कोण लावतंय गं? तू नको हं लावूस. वासाने डोकं धरतं." एवढं ऐकूनही ताई घरी येऊन पुढचा गठ्ठा सोडून बसायच्या. काय म्हणावं या बाईला!

सतराव्या दिवशी शेवटचा गठ्ठा ऑफिसात पोचता करून त्या थेट डॉक्टरांकडे गेल्या आणि भडाभडा सगळं सांगितलं. रसकापूर, मोजे, बंद खिडक्या, सगळं. लाहिडी उभ्याउभ्याच ऐकत होते. पाऱ्यावर उतारा असतो, इंजेक्शन असतं, ते म्हणाले. लगेच दिलंही. पण मूत्रपिंडं आधीच गेली होती. सरोज तिसऱ्या दिवशी दुपारी गेली.

कागदांवर सही घेताना लाहिडींनी आवाज न चढवता विचारलं, "मी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

घाबरले होते, म्हणता आलं असतं. नोकरीचं सांगता आलं असतं. तेही काही खोटं नव्हतं. ताईंनी सही पुरी केली.

"तेव्हा चार गठ्ठे राहिले होते," त्या म्हणाल्या.