वॉर्ड सव्वीसच्या चादरी

आमच्या धाकट्याचं लग्न ठरून मोडलं, त्या वर्षी दवाखान्याच्या कपडेखोलीत संगणक आला. घरात आधीच सगळ्यांची तोंडं सुतकी, त्यात हे.

कपडेखोलीत आम्ही दोघी जावा. थोरल्या जाऊबाई गठ्ठे सोडून चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे मोजायच्या आणि कुठल्या वॉर्डाला किती गेले त्याची बेरीज तोंडी ठेवायच्या. लिहायचं काम माझं. मुलं हाताशी आल्यावर मी संध्याकाळच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकले. जाऊबाई "पिकल्या पानाला आता कसली पालवी" म्हणून घरीच राहिल्या होत्या.

देखरेखीच्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, कपड्यांची दुपारची गाडी निघायच्या आत संगणकावरचा तक्ता भरून झाला नाही, तर दोघींना इस्त्रीखोलीत पाठवीन."

इस्त्रीखोली म्हणजे दिवसभर वाफ. जाऊबाईंना दमा. तिथे त्या टिकायच्या नाहीत, म्हणून मी त्या तक्त्यातल्या चौकटींच्या हात धुऊन मागे लागले. पण एकेक अक्षर शोधायचं, दाबायचं, वर बघायचं, तोवर काय लिहायचं तेच विसरायला होई. गाडी निघून जाई आणि तक्ता अर्धाच. शेवटी घरी सुनेला म्हटलं, "काहीतरी जवळची वाट दाखव गं बाई."

"अहो आई, सोपं आहे. 'वॉर्ड ४' एकदाच लिहा. मग चौकटीचा कोपरा धरा आणि खाली ओढा."

कोपरा धरून ओढायला मला कोणी शिकवायला नको. जन्म त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी पलंगावरची चादर ताणावी तसा तो कोपरा सर्रकन ओढला. पान भरलं, तक्ता वेळेत गेला, आम्ही दोघींनी निवांत चहा घेतला.

मॅडम आल्या त्या पाय आपटतच. "मावशी, वॉर्ड सव्वीस कुठंय?"

दवाखान्यात वॉर्ड नऊच. मी चार लिहिला होता, पण ओढता ओढता मेल्यानं पाच, सहा, सात करत आकडा आपल्या मनानं वाढवत नेला होता.

जाऊबाई गठ्ठ्यामागून म्हणाल्या, "बांधा म्हणावं. चादरी तयार आहेत."

मॅडम हसल्या नाहीत. त्या गेल्यावर जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "तरी म्हणत होते, फार ओढू नये. ओढलं की फाटतं."

"एवढं कळतं तर या ना इथे बसायला!"

"मी कशाला? मला एक दाराची चौकट पुरे. तीच ओलांडताना गुडघे बोलतात."

संध्याकाळी घरी हे ऐकून सून पोट धरून हसली. मला मात्र त्या यंत्राला बत्ता घालावासा वाटत होता. मग तिनं पुन्हा शिकवलं. चौकटी वरून खालपर्यंत निवडायच्या आणि कंट्रोल धरून डी दाबायचं. वरचं जसंच्या तसं खाली उतरतं. कंट्रोल धरून अर्धविराम दाबला की आजची तारीख. अख्ख्या आयुष्यात मी अर्धविराम कधी वापरला नव्हता. आणि ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाबलं की बेरीज. बोटं चुकत, कंट्रोल सुटून नुसतंच डी दाबलं जाई, लिहिलेलं पुसलं जाई, मी कपाळावर हात मारून घेई. पण जमलं. गाडीला अजून अवकाश असताना एके दिवशी तक्ता तयार.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "वा, मावशी! बेरीजसुद्धा?"

"बेरीजसुद्धा," मी म्हटलं.

त्यांनी जाऊबाईंकडे बोट दाखवलं. "मग यांना काय काम उरलं? गठ्ठेही आता धुलाईतूनच मोजून येणार आहेत. सोमवारपासून यांना इस्त्रीत पाठवू."

"मॅडम, त्यांना दमा आहे. मला पाठवा."

"आणि तक्ता कोण भरणार? त्यांना लिहिता येतं?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एकेक चौकट हातानं भरू लागले. पुन्हा सावकाश, पुन्हा अक्षर शोधत. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "कंट्रोल डी विसरलात का?" म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनीच दाबलं. पान भरलं.

सोमवारी जाऊबाईंनी आपला पेला फडक्यात गुंडाळला. "तोंड कशाला पाडतेस? आता चहा एकटीच घे. साखर तरी वाचेल."

मी कचेरीत जाऊन साहेबांनाही विनवलं. "बघू" म्हणाले. परत गेले, तेव्हा "सांगितलं ना, बघू" म्हणाले. इकडे तक्ता रोज लवकर होई आणि गाडी येईपर्यंत मी रिकाम्या हातांनी बसून राही. तेवढ्या वेळात दोघींचं काम दोनदा झालं असतं.

त्याच वर्षी, थंडी सरता सरता, एका गुरुवारी सकाळी थोरल्या जाऊबाई दम्यानं वारल्या.