वास झाकणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना पावडरीचा डबा आहे. गोल, पत्र्याचा, एका अंगानं चेपलेला. माझ्या झाकणावर गुलाब हुंगणारी एक बाई आहे. तिचं नाक गंजानं कधीच खाल्लं, तरी तिनं हुंगायचं सोडलेलं नाही. मला थापा मारायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण आजची गोष्ट माझ्या गुन्ह्याची आहे. म्हणून थाप मारली की लगेच कबूल करीन.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. यंत्रानं पत्रा कापला, गोल वळवला, वर रंग चढवला आणि पोटात गुलाबी पावडर ठासून भरली. माझा वास इतका जबर होता, की कुर्डुवाडीहून निघालेल्या छोट्या गाडीचं इंजिन मला नाकात घेऊन शिंकलं आणि थेट येडशीपर्यंत शिंकतच गेलं. ही थाप झाली. पण धाराशिवच्या दुकानदारानं मला चहाच्या पुड्यांपासून चार हात लांब ठेवलं होतं, हे अगदी खरं.

तिथून मला नागम्माच्या मामानं उचललं. नागम्मा आळंदकडची. लग्न होऊन सास्तूरला आली, तेव्हा तिच्या रुखवतात शेवयांच्या नि सांडग्यांच्या मधोमध मी बसलो होतो. आलेली प्रत्येक बाई झाकण उघडायची आणि म्हणायची, "अगं बाई, काय वास हाय!" मी फुगलो. त्या फुगण्यातच माझ्या पापाची सुरुवात आहे, मित्रांनो.

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच बहात्तर सालचा दुष्काळ पडला. विहिरीत बादली सोडली की खडकावर आपटल्याचा आवाज यायचा. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. नागम्मा, तिचा नवरा सोमलिंग आणि सासू सिद्धम्मा, तिघंही मातीच्या पाट्या वाहायला जाऊ लागले. दिवसाकाठी घराला दोन घागरी पाणी. प्यायचं त्यातच, रांधायचं त्यातच, धुवायचं तर नावच नको.

आता जी गोष्ट सांगतो ती ऐकून कुणी तोंड लपवू नये. बायकांना दर महिन्याला पाळी येते. तेव्हा जुन्या लुगड्याच्या घड्या वापरतात आणि त्या धुवून वाळवून पुन्हा घेतात. सिद्धम्माचं घर लिंगायत. "आमच्यात बाईचा विटाळ मानत न्हाईत," असं ती गावभर अभिमानानं सांगायची. पाळीच्या दिवसांतही सून चुलीपाशी जायची, पूजा करायची. पण धुतलेली घडी मात्र कुणाच्या नजरेला पडता कामा नये! ती वाळायची कडब्याच्या गंजीमागं, काळोखात, दमट गोणपाटाखाली. ऊन तिला कधी दिसलंच नाही. आणि त्या साली धुवायला पाणी मिळायचं जेमतेम दोन तांबे.

एके दिवशी पाटी डोक्यावर देता देता सिद्धम्मा सुनेच्या कानाशी पुटपुटली, "जरा जपून चाल की गं. वास मुकादमापर्यंत जातोय."

बस्स. एवढंच बोलली. नागम्मा पाटी घेऊन गेली आणि बांधावर माती टाकून आली, पण तिचा चेहरा लिंबाएवढा झाला होता. घरी आल्यावर तिनं पेटी उघडली, घडीवर माझं तोंड उपडं केलं आणि दोनदा थापटलं.

दुसऱ्या दिवशी कामावर मल्लम्मा ओरडली, "कोण गं आज तलावात लगीन लावायला आलंय?" ही मल्लम्मा म्हणजे कामावरची फटकळ बाई, तिच्या जिभेला सुट्टी नसायची. बायका हसल्या, नागम्माही हसली. आणि मी? भाकरीच्या फडक्यात बांधलेला मी तर असा खुशीत आलो, की तलावात पाण्याऐवजी आपलाच वास साठणार आणि चार गावांना पाटानं सोडणार, अशी स्वप्नं बघू लागलो.

दुसऱ्या महिन्यात खाज सुटली. मग आग. मग मांड्यांच्या आत सालं निघाली. नागम्मा कुणाला सांगणार? आणि तिचं चुकलं ते इथंच. उन्हाळ्यात घामोळ्यांना पावडर लावतात हे तिला ठाऊक होतं. आग झाली की तिला वाटायचं, पावडर कमी पडली. आग वाढेल तशी ती मला जास्त उपडं करायची. मी तिच्या जखमेवर मीठ व्हायचो, आणि ती मला औषध समजून जपायची.

मला कळत होतं. जिथं मी पडायचो तिथली कातडी लाल व्हायची, हे माझ्याशिवाय कोण इतक्या जवळून बघत होतं? मी झाकण घट्ट धरून ठेवलं, तिनं ते दातानं उघडलं. गंज धरावा म्हटलं, तर त्या साली हवेतसुद्धा ओलावा नव्हता. ही थाप नाही. पण अजून एक खरं सांगतो. आतून कुठंतरी मला बरंही वाटत होतं. बाकीची भांडी रिकामी पडली होती, आणि माझी मात्र रोज गरज लागत होती.

नागम्मा फेंगडी चालू लागली. एका पाटीला दोघींचा वेळ घेऊ लागली. सिद्धम्मानं चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी लेकाला म्हणाली, "सोमलिंगा, हिला माहेरी सोडून ये. कसलातरी रोग लागलाय हिला. बरी झाली तर आणू."

"बरी झाली तर म्हंजे?" सोमलिंगनं विचारलं.

"म्हंजे बरी झाली तर!"

नागम्मा पेटीपाशी बसून सगळं ऐकत होती. 'तर' म्हणून माहेरी गेलेली मल्लम्माची बहीण अजून परत आली नव्हती, हे तिला माहीत होतं. सोमवारच्या गाडीनं निघायचं ठरलं. ती रडली नाही. तिनं मला उघडलं आणि सोमवारी एसटीत वास येऊ नये म्हणून, प्रवासात वापरायच्या घडीवर उरलीसुरली पावडर जवळजवळ सगळी ओतून ठेवली. मित्रांनो, त्या वेळी पत्र्याला फुटता आलं असतं, तर मी फुटलो असतो.

रविवारी तलावावर ती पाटीसकट खाली बसली. मालनबाई तिच्याजवळ आली. मालनबाई बौद्धवाड्यातली, पन्नाशीची. धाराशिवला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आलेली. तिनं नागम्माला बाभळीआड नेलं. आधी हातानं नाही, नाकानं तपासलं.

"काय लावतीस गं?"

"कुठं काय."

"माझ्या नाकाला खोटं बोलू नगं. गुलाबाचं झाड उगवलंय काय तिथं?"

नागम्मानं फडक्यातून मला काढून तिच्या हातात दिलं. मान वर केली नाही. मालनबाईनं मला उघडलं, हुंगलं आणि तिला जी शिंक आली ती बांधाच्या पलीकडे ऐकू गेली.

"ही रोगी न्हाय," ती धावत आलेल्या सिद्धम्माला म्हणाली. "रोग ह्या डब्यात हाय. वासाची पावडर ही, कातड्याला झोंबतीया. वरनं घडी वाळतीया अंधारात. पोरगी करंल तरी काय?"

"मग वास येऊ द्यायचा का गावभर?" सिद्धम्मा फणकारली.

"स्वच्छ कापडाला वास नसतोच, सिद्धम्मा. वास येतो तो न धुतल्याचा. त्याच्यावर गुलाब टाकला तर दोन वास होत्यात, एक जात न्हाय."

"धुवायला पाणी तुझा बाप देतोय?"

मल्लम्मा मध्येच बोलली, "माझा बाप देतोय की! आपण बाया किती? तीस. हरेकीनं आपल्या वाट्याचा एक तांब्या एका हंड्यात ओतायचा. तीन दगडांवर उकळायचं. जिची पाळी तिनं धुवायचं. पुरुषांची सोसायटी असते, आपली का नसावी? चेअरमन नगं, सेक्रेटरी नगं, नुसता तांब्या आणा."

बायका हसल्या. पण हसता हसता सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. त्या हंड्यात मालनबाईचाही तांब्या पडणार होता. सिद्धम्मानं पदर तोंडाला लावला.

"त्यांचं पाणी आपल्या हंड्यात? शिवशिवा!"

मालनबाईनं आपला तांब्या मातीवरच ठेवला आणि उभी राहिली.

"अत्याबाई," नागम्मा खालूनच म्हणाली. सासूला उलट बोलायची तिची ही पहिली वेळ. "आपल्यात विटाळ मानत न्हाईत म्हणून तुमीच सांगता की. मग हे काय?"

सिद्धम्मानं सुनेच्या पायांकडं बघितलं. लुगडं मांडीला चिकटलं होतं, ते सोडवताना पोरीनं डोळे मिटले होते. मग सिद्धम्मा वळली, आपल्या घागरीतून तांब्या भरून घेऊन आली आणि पहिली तीच ओतून गेली. जाताना मालनबाईला म्हणाली, "त्या दिवशी वासाचं मीच बोलले होते तिला." आवाज इतका बारीक होता, की तो फक्त मालनबाईनं ऐकला आणि मी.

मला केवढा दिलासा वाटला म्हणून सांगू! गुन्ह्यात भागीदार मिळाला की गुन्हा निम्मा होतो, असं मला वाटत होतं. तो तसा होत नाही. सिद्धम्माला तोंड होतं, तिनं सांगून टाकलं. माझं मात्र आतच राहिलं.

बायकांनी चार काठ्या पुरून तरटाचा आडोसा केला. चारी बाजूंनी बंद, वर मात्र उघडा आभाळापर्यंत. आत सुतळी. उकळून धुतलेल्या जुन्या धोतराच्या मऊ घड्या तिथं भर उन्हात वाळू लागल्या. मुकादमानं विचारलं, "हे काय बांधलंय?" मल्लम्मा म्हणाली, "सोसायटीचं हापिस. मेंबर असाल तर या आत." तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

सोमवारची गाडी नागम्माला न घेताच गेली. मालनबाईनं पावडर बंद करून खोबरेल लावायला दिलं. पंधरा दिवसांत ती सरळ चालू लागली.

मला चुलीत टाकायचं ठरलं होतं, पण पत्रा जळत नाही म्हणून वाचलो. नागम्मानं मला राखेनं घासलं, उकळलेल्या पाण्याचा उरलेला घोट माझ्यात फिरवला आणि त्या तरटात, घड्यांच्या शेजारी, उन्हात उपडं ठेवलं. मग माझ्या पोटात सुया, दोरे नि जुन्या बंड्यांची बटणं आली. लोक मला उघडायचे, पण हुंगायचं कुणाला सुचायचं नाही. वास गेला की नाही, हे मला स्वतःला कळायला मार्ग नव्हता. वर्षानुवर्षं मी त्याच भीतीत होतो.

अठ्ठ्याऐंशी साली नागम्माची मुलगी महादेवी धाराशिवच्या बोर्डिंगात शिकायला होती. दिवाळीला आली ती फेंगडी चालत. नागम्माच्या हातातली परात खाली पडली.

"काय लावतीस गं?"

"लावत न्हाय काय, आई. दुकानात तयार पट्ट्या मिळतात, वर्तमानपत्रात बांधून देतात. वासाच्या असतात. आग लई होती. मला वाटलं, मीच घाण आहे."

नागम्मा तिला घेऊन धाराशिवला गेली. मला पिशवीत घेतलं होतं, कारण घड्या शिवायच्या होत्या. बिनवासाचं काही मिळतंय का म्हणून तीन दुकानं झाली. चौथा दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, बिनवासाचं माझ्याकडं दोनच जिन्नस, मीठ आणि खडीसाखर." शेवटी औषधाच्या दुकानात जखमेला बांधायचा साधा कापूस आणि जाळीचं कापड मिळालं. कोरं, पांढरं, बिनवासाचं. बोर्डिंगाच्या ओट्यावर बसून मायलेकी शिवू लागल्या. सुई माझी, दोरा माझा.

शिवता शिवता नागम्मानं तिला पाझर तलावाची सगळी गोष्ट सांगितली. महादेवीनं मला हातात घेतलं. झाकणावरच्या बिननाकाच्या बाईकडं बघितलं. आणि माझ्यात नाक खुपसून लांब श्वास घेतला. मी सुया आवळून धरल्या.

मित्रांनो, वास म्हणजे स्वच्छता नव्हे. तुमच्या आईला, बहिणीला, मैत्रिणीला आग होत असेल, तर तिला माझ्यासारखा डबा आणून देऊ नका. विचारा. पाणी द्या, ऊन द्या, साधं कापड द्या. आणि जिला त्रास होतोय तिनं तो झाकू नये, बोलावं. मला बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं.

महादेवीनं नाक बाहेर काढलं.

"आई, ह्याला तर कशाचाच वास न्हाय."

रुखवतापासून आजवर माझं लई कौतुक झालं. पण माझ्या वाट्याला आलेलं खरं कौतुक एवढंच.